बीटाच्या नावाखाली ४६,६४९ रुपये गेले: स्टुडिओवाल्या भावांनो, ही लिंक उघडू नका

आधी आकडे सांगतो. बीटा म्हणजे सॉफ्टवेअरची लोकांना वापरून पाहायला दिलेली चाचणी आवृत्ती. त्याचं ‘बीटा टेस्टर डिपॉझिट’ म्हणून भरले २,४९९ रुपये. एका रात्रीत कार्डावरून गेले १४,९००, पुन्हा १४,९०० आणि मग ९,३५०. माझ्या स्टुडिओच्या नावाने चोपडा तालुक्यातल्या एका मुलीच्या वडिलांकडून ५,००० उकळले, ते मी माझ्या खिशातून परत केले. एकूण ४६,६४९. हळदीपासून पाठवणीपर्यंत एका अख्ख्या लग्नाच्या ऑर्डरचे हे पैसे आहेत.

लिंक आली ती आपल्याच फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवर. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतले लोक त्यात आहेत. ज्याने पाठवली तो शहाद्याकडचा भाऊ, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तोही फसलाय. फोटो एडिटिंगमधल्या मोठ्या कंपनीचं नाव, तोच लोगो, तेच रंग. नवीन एआय आवृत्तीचा बीटा, फोटो सिलेक्शन आणि स्किन रिटच आपोआप, पहिल्या ५०० जणांनाच. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर एकेका लग्नाचे तीन-तीन हजार फोटो निवडायचे पडलेले आणि अल्बमसाठी रोज फोन. अशा वेळी कोणता स्टुडिओवाला ते उघडून पाहणार नाही?

डिपॉझिट भरल्यावर रीतसर बिल आलं. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. मी स्वतः प्रत्येक बिलावर २७ लिहितो. बिल पाहिलं, रक्कम पाहिली आणि बंद केलं.

पण थांबायची खरी जागा ती नव्हतीच. खरी जागा त्यानंतर आली आणि ती आठवली की आजही डोकं तापतं. फाइल झिप होती, तिला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. कुलूपबंद झिपच्या आत मेलचं किंवा ब्राउझरचं तपासणी यंत्र बघू शकत नाही, म्हणून हे लोक ती तशी पाठवतात. खाली ठळक सूचना: ‘बीटा असल्याने अँटीव्हायरस चुकीचा इशारा देऊ शकतो, इन्स्टॉल होईपर्यंत बंद ठेवा.’ मी बंद केला. तरीही विंडोजने निळी चौकट दाखवली. ‘मोर इन्फो’ दाबलं, तर प्रकाशकाच्या जागी ‘अननोन पब्लिशर’ लिहिलेलं होतं. जगभर सॉफ्टवेअर विकणारी कंपनी आणि प्रकाशक अज्ञात! ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. तरी ‘रन एनीवे’ दाबलं.

का दाबलं, तेही सांगतो, कारण उद्या तुम्हीही तेच दाबाल. आपल्या धंद्यात पीसी बसवून देणारा माणूस पहिलं काम अँटीव्हायरस बंद करण्याचं करतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकायचं तर त्याशिवाय चालत नाही. वर्षानुवर्षं हे पाहून ती चौकट आपल्याला दिसेनाशी झालीय. मी तर यावेळी चोरीचं घेत नव्हतो, पैसे भरून रीतसर घेत होतो. त्याचाच फटका बसला.

सॉफ्टवेअर उघडलं. लोगो आला, पट्टी सरकली, ‘सर्व्हर व्यस्त आहे’ म्हणाला. तेवढ्या वेळात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलले गेले. चालू लॉगिन गेलं की ओटीपीचा प्रश्नच येत नाही, साइटला वाटतं तुम्हीच बसलाय. माझा मेल गेला, स्टुडिओचं पान गेलं, पानाच्या जाहिरात खात्याला जोडलेलं डेबिट कार्ड त्यांच्या हाती लागलं. कार्डावर एकदा कायमची मंजुरी दिलेली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० पर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवली. म्हणून १४,९००! वसुलीच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, ती आली असणार त्याच मेलवर जो त्यांच्या ताब्यात होता. मी त्या रात्री हळदीच्या शूटवर होतो, मोबाइल बॅगेत.

आणि ऐका, त्याच पीसीवरून पासवर्ड बदलू नका. मी बदलला, तोही गेला.

बँकेत गेलो तर ‘मंजुरी तुम्हीच दिली होती’ एवढंच उत्तर. अर्जाची पोच द्यायलाही तयार नाहीत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे: ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भार ग्राहकावर नाही, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. हे काउंटरवरच्या साहेबांना मी मोबाइलवर दाखवलं. ‘ते वरच्या ऑफिसला विचारा’ म्हणाले. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हे सायबरला जा’. तिथे एसटीने गेलो तर ‘आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा’. परत आलो तर ‘आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करतो, साहेब बंदोबस्तात आहेत’. तपासाचं खरं आहे, कलम ७८ तसंच सांगतं. पण तक्रार लिहून घ्यायला कोणी अडवलंय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती नोंदवून घ्यायची. एक जण तर म्हणाला, ‘लाखांत गेलेले लोक रांगेत आहेत, तुमचे चाळीस हजार.’ माझ्यासाठी ते लाखच आहेत! ज्या साइटवर पान होतं तिथे तर माणूसच भेटत नाही. ओळखपत्र पाठवा, पाठवलं, पुन्हा पाठवा. तिकडे माझ्या पानावरून ‘बुकिंगसाठी ॲडव्हान्स पाठवा’ असे मेसेज जातच होते. त्या मुलीचे वडील दुकानात येऊन उभे राहिले, ‘काय व्हयनं भाऊ?’ म्हणाले, तेव्हा काय बोलावं सुचलं नाही.

खरा बीटा कसा असतो ते समजून घ्या. अडोबी कंपनीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर लाइटरूम विकायला आलं २००७ मध्ये, त्याच्या आधी जानेवारी २००६ पासून त्याचा बीटा लोकांना फुकट वापरायला दिला होता. फोटोशॉपमध्ये शब्द लिहून चित्र भरायची सोय मे २०२३ मध्ये आधी बीटातच आली, आणि तो बीटा वर्गणीदारांना कंपनीच्याच क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमधून मिळत होता, वेगळं डिपॉझिट नव्हतं. चुका शोधून देणारी माणसं कंपनीला हवी असतात. त्यांच्याकडून डिपॉझिट कशाला घेतील?

फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची सही, बघा. तो पर्यायच नसेल किंवा नाव भलतंच असेल तर डिलीट करा. ज्या पीसीत गिऱ्हाइकांची लग्नं आहेत त्यावर कोणताही बीटा टाकू नका, खरा असला तरी. ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका. जाहिरात खात्याला मुख्य खात्याचं कार्ड जोडू नका.

पैसे गेले तर बँकेच्या आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, लागेपर्यंत लावा, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेने पोच दिली नाही तर तोच अर्ज मेलने पाठवा, तारीख राहते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी लागत नाही. मी गेलोय, प्रकरण चालू आहे.

ती लिंक अजून दोन-तीन ग्रुपवर फिरतेय. कोणी इन्स्टॉल केलं असेल तर आत्ता नेटची वायर काढा, दुसऱ्याच्या मोबाइलवरून मेल उघडून सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, पासवर्ड बदला, कार्ड बंद करायला सांगा. पीसी फॉरमॅट केल्याशिवाय पुन्हा नेटला जोडू नका. आणि माझ्या स्टुडिओच्या पानावरून ॲडव्हान्स मागणारा मेसेज आला असेल, तर तो मी पाठवलेला नाही.