जुनी फॅन कम्युनिटी बंद करायचीये: डिलीट, वाचनमात्र, दुसऱ्याच्या हाती की दुसरीकडे शिफ्ट?

ज्या मालिकेसाठी, गेमसाठी किंवा बँडसाठी कम्युनिटी सुरू केली ते कधीच संपलंय, लिहिणारे आयडी हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरलेत, बाकीचे सगळे रोमात (म्हणजे नुसते वाचणारे), स्पॅम मात्र रोज येतोय आणि सर्व्हरचं बिल एकच माणूस भरतोय. अशा अवस्थेतले ॲडमिन "आता बंद करू का" असं विचारतात तेव्हा त्यांना दोन टोकाची उत्तरं मिळतात, एक म्हणजे "करून टाक, कोण येतंय आता" आणि दुसरं "अरे असं कसं बंद करतोस, आमच्या आठवणी आहेत". दोन्ही उत्तरांचा त्यांना काही उपयोग नाही. मी मॉडरेटर म्हणून या प्रकारात बरीच वर्षं काढलीत, म्हणून चारही पर्याय शेजारी शेजारी ठेवून लिहितेय आणि मला कुठला बरा वाटतो तेही सांगणारे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बंद करायचं म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टींचं काय करायचं ते ठरवायचं. एक, चालू गप्पा. दोन, इतक्या वर्षांत साठलेलं लिखाण. तीन, माणसं, म्हणजे त्यांची एकमेकांशी असलेली ओळख. कुठलाही एक पर्याय या तिन्हींना पुरत नाही, आणि ॲडमिन-सदस्यांची जी भांडणं होतात ती बहुतेक वेळा यामुळेच, ॲडमिन बोलत असतो गप्पांबद्दल आणि सदस्यांना ऐकू येतं की आपलं लिखाण जाणार.

डिलीट करून मोकळं होणं

हा सगळ्यात सोपा पर्याय आणि मोठ्या कंपन्यांनी बहुतेक वेळा हाच निवडला. आयएमडीबीने आपले मेसेज बोर्ड बंद करायचं ३ फेब्रुवारी २०१७ ला जाहीर केलं आणि २० फेब्रुवारीला ते गेले, म्हणजे कित्येक वर्षांच्या सिनेमाच्या चर्चा आणि हातात अडीच आठवडे. जिओसिटीज ही मोफत वेबपानं बनवायची जागा २००९ च्या ऑक्टोबरात गेली, त्यावर फॅन लोकांनी हाताने बनवलेली किती पानं होती, त्यातलं जे वाचलं ते आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतलं म्हणून. याहू ग्रुप्सचं तसंच, २०१९ च्या ऑक्टोबरपासून नवीन काही टाकता येईना, मग साठा काढून टाकला आणि २०२० च्या डिसेंबरात उरलेली मेल सेवाही बंद.

तरी डिलीट करणं कायम चूक असतं असं मी म्हणणार नाही. जिथे लोकांनी आजारपण, घरचे त्रास, लैंगिकता असं फार खासगी लिहिलंय, किंवा सदस्य तेव्हा शाळकरी वयाचे होते आणि खऱ्या नावाने लिहायचे, किंवा कुणाचा पाठलाग करणारे लोक जुनी पोस्ट उकरत बसतात, तिथे ते लिखाण उघड्यावर ठेवणं जास्त वाईट. अशा वेळी डिलीटच करा, फक्त प्रत्येकाला आपापलं लिखाण उतरवून घ्यायला वेळ द्या. आणि पर्याय कुठलाही निवडलात तरी खासगी निरोप, ईमेल पत्ते, आयपी नोंदी आणि पासवर्डचा तक्ता हे शेवटी पुसायचंच, हे कुणाच्या आठवणींचा भाग नाही.

वाचनमात्र ठेवणं

इथे जरा जास्त थांबते कारण बऱ्याच जणांना हाच पर्याय हवा असतो आणि बरेच जण तो अर्धवट करतात. वाचनमात्रचे दोन प्रकार आहेत आणि त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार म्हणजे सॉफ्टवेअर तसंच चालू ठेवायचं आणि फक्त लिहिण्याची परवानगी काढायची. पाच मिनिटांचं काम, म्हणून सगळे हेच करतात. पण आतमध्ये पीएचपी (साइट चालवणारा कोड) चालूच आहे, डेटाबेस चालूच आहे, सुरक्षेचे अपडेट टाकावेच लागतात, आणि तुम्ही तर तिकडे बघणं सोडलेलं असतं. पीएचपीबीबी किंवा व्हीबुलेटिनसारखं फोरमचं जुनं सॉफ्टवेअर अपडेटशिवाय पडून राहिलं की कधीतरी कोणीतरी आत शिरतं, आणि मग हजारो लोकांचे ईमेल पत्ते बाहेर जातात. म्हणजे सुटका झालीच नाही, उलट लक्ष नसलेली जबाबदारी मागे राहिली.

दुसरा प्रकार म्हणजे सगळ्या धाग्यांची साध्या एचटीएमएल पानांमध्ये कॉपी काढायची, एचटीट्रॅक किंवा डब्ल्यूगेट अशी साइट उतरवून घेणारी टूल वापरून, ती ठेवायची आणि मूळ सॉफ्टवेअर, डेटाबेस, लॉगिन सगळं काढून टाकायचं. लॉगिनच नाही म्हटल्यावर चोरण्यासारखं काही उरत नाही, अगदी स्वस्त जागेवर हे चालतं आणि अपडेटची कटकट जवळपास संपते. तोटा एकच मोठा, आतलं सर्च बंद पडतं कारण ते डेटाबेसवर चालायचं. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन जुन्याजाणत्या सदस्यांना धरून चांगल्या धाग्यांची विषयवार यादी बनवून घेणे. मला तर वाटतं हे काम सर्चपेक्षाही मोलाचं आहे, नव्याने येणाऱ्या माणसाला दहा हजार धाग्यांतून काय वाचावं हे कुठलं मशीन नीट सांगणार नाही पण तिथे वर्षानुवर्षं असलेली माणसं सांगतील.

कॉपी काढण्याआधी फोटो तपासा, ते बऱ्याचदा फोटो ठेवायच्या बाहेरच्या साइटवर असतात. फोटोबकेटने २०१७ मध्ये बाहेरच्या ठिकाणी फोटो दाखवणं मोफत खात्यांसाठी बंद केलं, टायनीपिक २०१९ मध्ये संपलं, इमगुरने २०२३ च्या मे महिन्यापासून खात्याशिवाय टाकलेले जुने, न वापरले जाणारे फोटो काढायला घेतले. म्हणजे जुने फॅन आर्टचे धागे निम्मे आधीच रिकामे झालेले असू शकतात. ज्यांच्याकडे मूळ फायली आहेत अशा लोकांना कम्युनिटी चालू असतानाच हाका मारा, नंतर ते सापडत नाहीत.

आणि "वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) असेलच की" या भरवशावर राहू नका. ते फार मोठं काम करतात, पण लॉगिनच्या मागे असलेलं त्यांना दिसतच नाही, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांच्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा काही दिवस तेही बंद होतं. तिथे प्रत जाऊ द्याच, पण ती एकमेव प्रत नको.

तुमच्या कम्युनिटीत मुख्यतः फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, असतील तर आणखी एक सोय आहे, आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिक्शनची साइट चालवणाऱ्या संस्थेचा ओपन डोअर्स नावाचा उपक्रम. बंद पडणारे जुने कथासंग्रह ते आपल्याकडे घेतात आणि लेखकांना ईमेलने कळवतात, लेखक आपली कथा आपल्या खात्यावर घेऊ शकतो किंवा काढूनही टाकायला सांगू शकतो. लेखकाचा हक्क शाबूत ठेवणारी इतकी नीट पद्धत मला दुसरीकडे दिसली नाही. फक्त गप्पांचे धागे त्यांच्या कामात बसत नाहीत, त्याचं तुम्हालाच बघावं लागतं.

दुसऱ्याच्या हाती देणं

"कुणीतरी चालवेल" हे वाक्य ऐकलं की मी लगेच विचारते, कोण? नाव सांगा. कारण हा पर्याय पूर्णपणे माणसावर अवलंबून आहे. गेलं वर्षभर जो स्पॅम काढतोय, नवीन लोकांना उत्तरं देतोय, भांडणं मिटवतोय असा कोणी आहे का? असेल तर त्याच्याकडे द्या, आणि शक्यतो एकाकडे न देता दोघा-तिघांकडे द्या. नसेल आणि फक्त बंद होतंय हे ऐकून कोणी भावनेच्या भरात "मी घेतो" म्हणत असेल तर त्याला आधी तीन महिने काम करू द्या, सर्व्हर आणि डोमेन नंतर.

कागदावर काय कोणाच्या नावावर आहे हे किती महत्त्वाचं असतं त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण फ्रीनोडचं. वर्षानुवर्षं स्वयंसेवकांनी चालवलेलं चॅट नेटवर्क, २०१७ मध्ये त्यामागची कंपनी दुसऱ्याकडे गेली, रोजचं काम मात्र तेच लोक करत राहिले. मग २०२१ च्या मे मध्ये ताबा कुणाचा यावरून वाद पेटला, स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट नावाने नवीन नेटवर्क उभं केलं. माणसं तीच, पण नाव आणि पत्ता मागेच राहिला.

अजून एक गोष्ट म्हणजे तुम्ही फक्त नाव देत नाही आहात, लोकांचा डेटा देताय. त्यांनी तो तुमच्यावर विश्वास ठेवून दिला होता. म्हणून हस्तांतराच्या आधी सगळ्यांना कळवा आणि ज्याला नको असेल त्याला खातं काढायची मुभा द्या. जाहिरातवाली कंपनी डोमेन विकत मागत असेल तर माझं मत सरळ नाही असं आहे, तिला त्या पत्त्याची सर्चमधली किंमत हवी असते, तुमची माणसं नाही.

दुसरीकडे शिफ्ट होणं

डिस्कॉर्ड, फेसबुक ग्रुप, रेडिट, व्हॉट्सॲप, जे काय असेल ते. गप्पा आणि माणसं यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे, लिखाणासाठी अगदी वाईट. डिस्कॉर्डवर गप्पा झकास रंगतात पण तिथलं सर्च इंजिनला दिसत नाही, आणि कोणी दोन तास बसून लिहिलेला एखाद्या भागाचा खोल अभ्यास संध्याकाळपर्यंत वर वाहून जातो. फेसबुकवर खात्याला खऱ्या नावाचा आग्रह आहे आणि फॅन मंडळींचे आयडी हीच त्यांची खरी ओळख असते, कित्येकांना घरी किंवा ऑफिसात ही आवड कळू द्यायची नसते, ते लोक तिकडे येणारच नाहीत.

दुसरं, मोठ्या जागाही बंद पडतात. ऑर्कुट २०१४ च्या ३० सप्टेंबरला संपलं, गूगल प्लस २०१९ च्या २ एप्रिलला. जे तिकडे गेले होते त्यांना परत बिऱ्हाड हलवावं लागलं. आणि तिथे मालकी तुमची नसते, रेडिटवर २०२३ च्या जून महिन्यात एपीआयच्या (बाहेरच्या ॲपना रेडिटशी जोडणाऱ्या सोयीच्या) दरांविरोधात हजारो कम्युनिटी बंद ठेवल्या गेल्या तेव्हा कंपनीने त्या परत उघडायला दबाव आणला आणि काही ठिकाणी मॉडरेटरच बदलले. माइनक्राफ्टच्या विकीवाल्यांनी त्याच वर्षी फॅन्डम ही विकी ठेवणारी कंपनी सोडून स्वतःची जागा केली, तर जुनी प्रत फॅन्डमने तशीच चालू ठेवली. म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून तुम्ही निघून जाऊ शकता, ती जागा बंद करू शकता असं नाही.

पण शिफ्ट होणं जमतंही. टेलिव्हिजन विदाउट पिटी ही मालिकांवरच्या चर्चेची साइट २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा तिथले बरेच सदस्य मूळ संस्थापकांनी काढलेल्या प्रीव्हिअसली टीव्हीकडे गेले, कारण जागा आधीच तयार होती, चालवणारे ओळखीचे होते आणि लिहायची पद्धत साधारण तीच होती. तुमच्याकडे अजून रोज लिहिणारे खरोखर बरेच असतील तर डिस्कॉर्डपेक्षा डिस्कोर्ससारखं फोरमचं सॉफ्टवेअर बघा, जुने धागे आत घेण्याची सोय त्यात आहे.

आता समोरासमोर

तुम्ही दमला असाल आणि मागे काहीच काम नको असेल तर डिलीट आणि साध्या पानांची कॉपी हे दोनच पर्याय खरे, त्यातही कॉपीला सुरुवातीला थोडे आठवडे मेहनत आहे आणि नंतर जवळपास काही नाही. जुन्या लिंक चालू राहाव्यात असं वाटत असेल तर कॉपी किंवा हस्तांतर, शिफ्ट केल्याने त्या आपोआप वाचत नाहीत. खासगीपणाची काळजी सगळ्यात मोठी असेल तर डिलीट पुढे आणि हस्तांतर सगळ्यात मागे. माणसं तुटू नयेत हे सगळ्यात महत्त्वाचं असेल तर शिफ्ट, पण रोमातले बहुतेक येणार नाहीत हे धरून चला. पैशाचा प्रश्न एकटाच असेल तर बंद करायच्या आधी सदस्यांना एकदा स्पष्ट सांगून बघा, बऱ्याच ठिकाणी लोकांना बिल कोण भरतं हेच माहीत नसतं.

माझी निवड विचाराल तर बहुतेक जुन्या कम्युनिटींसाठी दोन पर्यायांची जोडी: लिखाणाची साधी वाचनमात्र प्रत जुन्याच पत्त्यावर, आणि गप्पांसाठी एक छोटी नवीन जागा जी तुम्ही नाही, दुसऱ्या कोणीतरी चालवायची. यात तुम्ही खरंच मोकळे होता. आणि मोकळं होण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, इतकी वर्षं बिनपगारी रात्री जागून लोकांना एक हक्काची जागा दिलीत, कोणी त्यावरून तुम्हाला अपराधी वाटायला लावत असेल तर ते मनावर घेऊ नका. सदस्यांना वाईट वाटणार, ते खरंच असतं, तिथे मैत्र्या झाल्यात, कुणाची लग्नंही जमलीत, त्यांना निरोप घ्यायला वेळ हवा.

तो वेळ तीन महिन्यांपेक्षा कमी नको. जे लॉगिन करत नाहीत त्यांना ईमेल पाठवा, फक्त वर पट्टी लावून भागत नाही. आधी नवीन नोंदणी बंद, मग महिन्याभराने नवीन धागे बंद, आणि निरोपाचा एक धागा अगदी शेवटच्या दिवसापर्यंत उघडा. डोमेन मात्र सोडू नका. डॉट कॉमसारख्या पत्त्याची मुदत संपली की सवलतीचा काळ, त्यानंतर ३० दिवस जास्त पैसे भरून परत मिळवायची मुदत, मग ५ दिवस तो काढून टाकण्याच्या रांगेत, आणि नंतर तो कोणीही घेऊ शकतं, आणि तुमच्या नावावर जुगाराच्या जाहिराती लागल्या की जुन्या सदस्यांना फार लागतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत भरून ठेवता येतं, तेवढं जमत असेल तर भराच, आणि नूतनीकरणाची आठवण दोघांच्या ईमेलवर जाईल असं करा. "माझी ही पोस्ट काढा" असं सांगण्यासाठी एक संपर्काचा पत्ताही चालू ठेवा, अशा विनंत्या बंद झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनीही येतात आणि त्या ऐकायलाच हव्यात.