निवडणूक पद्धतींचा अभ्यासवर्ग : एक परीक्षण

निवडणूक पद्धती आणि पक्षांचे राजकारण या विषयावर सदाशिव पेठेत शनिवारी सायंकाळी भरणारा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांनी गजबजलेल्या या भागात कलमे आणि घटनादुरुस्त्या पाठ करून घेणारे वर्ग पुष्कळ आहेत. मते कशी मोजली जातात यावर पक्षांचे नशीब कसे ठरते, हे प्रत्यक्ष करून पाहायला लावणारा दुसरा वर्ग मात्र मला आढळला नाही.

या वर्गाचे खरे बळ मतमोजणीच्या प्रात्यक्षिकात आहे. टेबलावर १०० मतपत्रिका असतात. चार काल्पनिक पक्षांना अनुक्रमे ४०, ३०, २० आणि १० मते पडलेली असतात आणि जागा १० असतात. प्रमाणशीर पद्धतीने मोजल्यास ४, ३, २ आणि १ अशी वाटणी होते. त्याच मतपत्रिका दहा मतदारसंघांत सारख्या वाटल्या, की सर्व जागा पहिल्या पक्षाकडे जातात. मग शिक्षिका चौथ्या पक्षाची सगळी मते एकाच मतदारसंघाच्या गठ्ठ्यात घालतात. उरलेल्या नऊ जागा पहिल्या पक्षाला मिळतात, दहा मतांचा पक्ष एक जागा घेऊन जातो आणि मधले दोन्ही पक्ष रिकाम्या हाताने परततात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही बहुजन समाज पक्षाची पाटी कोरी राहिली आणि त्याहून कमी मतांवर तृणमूल काँग्रेसने ३४ जागा जिंकल्या, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही. विखुरलेल्या मतांच्या पक्षाला आघाडीचा आसरा का शोधावा लागतो, हे तिथेच उमगते.

इतिहासाचे सत्रही कसदार होते. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघांऐवजी राखीव जागा आल्या, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण १९३७ मध्ये मुंबई प्रांतातील बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती आणि अल्पसंख्य गटांना त्यातून प्रतिनिधी निवडून आणण्याची वाट मिळत होती, हे येथे नीट उलगडून सांगितले गेले.

माझी तक्रार पुण्यापुरती आहे. २०१७ मध्ये आपल्या महापालिकेत ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, तरी ही प्रमाणशीर पद्धत नव्हे. अ, ब, क, ड या प्रत्येक जागेचा निकाल सर्वाधिक मतांवर स्वतंत्रपणे लागतो. एवढ्या मोठ्या प्रभागात पूर्ण पॅनेल उभे करू शकणाऱ्या पक्षाला फायदा होतो आणि एकट्या अपक्षाची दमछाक होते, असे माझे मत आहे. ज्या पद्धतीने आपण नगरसेवक निवडतो, तिच्यासाठी शेवटची काही मिनिटेच उरावीत, हे मला खटकले. पुणे पदवीधर मतदारसंघाच्या पसंतीक्रमाची मोजणीही घाईत उरकली; बाद उमेदवाराची मते दुसऱ्या पसंतीकडे कशी सरकतात, हे करून पाहायला वेळच मिळाला नाही.

तरीही प्रभागात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने, पक्ष कोणताही असो, हा वर्ग करावा अशी माझी मनापासून शिफारस आहे. पुढच्या तुकडीसाठी आयोजकांनी एक शनिवार वाढवून तो केवळ प्रभाग पद्धतीला द्यावा.