काळी दोनमधलं ‘मिस्टी’: बॅलडच्या रियाजाला साथीचे ट्रॅक कोणते घ्यावेत, कसे वापरावेत

आषाढ लागला की जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळकडच्या बँडमधल्या सॅक्सोफोन, क्लॅरोनेट आणि ट्रम्पेटवाल्यांचा हात तुळशीच्या लग्नापर्यंत मोकळा असतो. जॅझमधली संथ चीज, म्हणजे बॅलड, बसवायला वर्षातला हाच काळ चांगला. अडचण साथीची. पियानो, डबल बेस आणि ब्रशवर वाजणारा ड्रम अशी तिघांची साथ आपल्याकडे जमवणं कठीण, म्हणून साथीचं रेकॉर्डिंग घ्यावं लागतं. यातले दोन पर्याय विकत घेण्यासारखे आहेत: आयरिअल प्रो हे मोबाइल अॅप आणि जेमी एबरसोल्ड यांची प्ले-अलाँग, म्हणजे सोबत वाजवायच्या साथीची, मालिका. दोन्ही चांगले आहेत. पण बहुतेक जण ते जसे मिळतात तसे, सगळी वाद्यं चालू ठेवून वाजवतात आणि त्यामुळे शिकणं होत नाही. पियानो प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, दाखवत असतो, ड्रम लय धरून ठेवतो, वाजवणारा त्यांच्या प्रवाहात वाहत जातो आणि ट्रॅक बंद झाला की दुसऱ्याच ओळीला अडकतो. दोन्ही गोष्टींचं मोल त्यातली वाद्यं एकेक करून काढून घेता येतात यात आहे.

उदाहरणाला एरॉल गार्नर यांची ‘मिस्टी’ घेऊ. १९५४ ची रचना, मूळ स्वर ई फ्लॅट, म्हणजे आपली काळी दोन. या वाद्यांवर लिहिलेला स्वर आणि निघणारा आवाज वेगळे असतात, म्हणून आल्टो सॅक्सोफोनवर ती सी मेजरमध्ये वाजते, क्लॅरोनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनवर एफ मेजरमध्ये. पहिली बॅलड म्हणून याहून सोयीची निवड नाही. रचना ३२ मापांची: आठ मापांची स्थायी दोनदा, मग आठ मापांचा अंतरा, पुन्हा स्थायी. एका मापात चार मात्रा धरल्या तर एक आवर्तन १२८ मात्रांचं. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत त्याला २ मिनिटं ८ सेकंद लागतात, तीन आवर्तनं साडेसहा मिनिटांच्या आत संपतात.

आधी अॅप. आयरिअल प्रोमध्ये गाण्याची धून नसते, फक्त कॉर्ड असतात. कॉर्डच्या क्रमावर कॉपीराइट लागत नाही, धुनेवर लागतो, त्यामुळे हे असंच राहणार. यात नुकसान काही नाही. धून कानानं उचला, सरगममध्ये म्हणा, तोंडपाठ झाल्यावरच वाद्य हातात घ्या. जॅझच्या चौदाशेहून अधिक रचनांचे कॉर्ड एका यादीत मोफत उतरवता येतात. एकदा उतरवले की नेट लागत नाही, त्यामुळे मळ्यातल्या खोलीत रेंज नसली किंवा लाइट गेली तरी फोनच्या चार्जिंगवर रियाज चालू राहतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सेटिंगमध्ये. आल्टोवाला बघतो की आपल्याला सी मेजरमध्ये वाजवायचंय, म्हणून गाण्याची पट्टीच सी करून टाकतो. मग साथ खरोखर सीमध्ये वाजू लागते, आल्टोचा लिहिलेला सी मात्र ई फ्लॅट बोलतो. पहिल्याच मापात सगळं विसंगत. गाण्याची पट्टी ई फ्लॅटच राहू द्या. वाद्याच्या सेटिंगमध्ये आपलं वाद्य ई फ्लॅटचं असल्याचं सांगा. टेनर, क्लॅरोनेट, ट्रम्पेटवाल्यांनी बी फ्लॅट निवडा. आवाज काळी दोनचाच राहतो, पडद्यावर कॉर्ड तुमच्या बोटांच्या भाषेत दिसतात.

शैलीत ‘बॅलड स्विंग’ निवडा. ‘डबल टाइम फील’ सुरुवातीला नको, त्यात ड्रम दुप्पट चालीनं भरलेला असतो आणि आपणही नकळत घाई करतो. लय ६० ठेवा. ती ५० च्या खाली नेली तर अॅपमधला बेस आधार देत नाही: तार छेडल्याचा आवाज पुढचा ठोका यायच्या आत विरतो आणि मधल्या पोकळीत टेकायला काही उरत नाही. धून अवघड जात असेल तर लय आणखी पाडू नका, चार-चार मापांचे तुकडे करा.

आता मिक्सर उघडून पियानो शून्यावर आणा. बेस भरपूर ठेवा, ड्रम अर्ध्यावर. पहिल्या दिवशी धून वाजवायचीच नाही. प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर लांब धरून तीन आवर्तनं करा. मग तिसरा आणि सातवा स्वर घ्या, कारण कॉर्डची ओळख त्या दोन स्वरांत असते. आल्टोच्या पट्टीत दुसऱ्या मापात जी मायनर सेव्हन आणि सी सेव्हन येतात, तिसऱ्यात एफ मेजर सेव्हन. सी ला सा धरला तर एक ओळ म, ग, ग अशी जाते, दुसरी कोमल नी, कोमल नी, ध. चौथ्या मापात एफ मायनर सेव्हन आली की तोच ध कोमल होतो, बी फ्लॅट सेव्हनवर तसाच थांबतो आणि पाचव्या मापाच्या सुरुवातीला सी मेजरवर प वर उतरतो. ध, कोमल ध, कोमल ध, प. एवढे चार स्वर हळू फुंकून पाहा. स्थायीतली सगळी हुरहुर त्या अर्ध्या स्वराच्या उतरणीत आहे. पियानो बंद असताना ही उतरण तुमच्या एकट्याच्या फुंकीतून ऐकू आली तर कॉर्ड कळले असं समजा.

अंतऱ्याचं पाचवं आणि सहावं माप आणखी फसवं आहे. आल्टोला तिथे एफ शार्प मायनर सेव्हन आणि बी सेव्हन येतात. आधीची दोन मापं एफ मेजरवर शांत गेलेली असतात, आणि अचानक शुद्ध म चा तीव्र म होतो, सा च्या जागी कोमल रे येतो. ट्रॅक थांबत नाही, त्यामुळे चूक कळेपर्यंत पुढची दोन मापं निघून जातात. ही चार मापं अॅपमध्ये निवडून फिरती ठेवा आणि दहा मिनिटं तेवढंच वाजवा.

पियानो परत आणायचा तो चौथ्या-पाचव्या दिवशी, तोही अर्ध्या आवाजात. आता धून घ्या. सुरुवातीचे तीन स्वर, आल्टोच्या पट्टीत, प, ग, नी. पहिल्या मापाची सम या शुद्ध नी वर आहे आणि तो लांब धरायचा आहे. आपल्या कानाला शुद्ध नी म्हणजे सा च्या उंबऱ्यावरचा स्वर, तो वर ओढतोच. काळी दोनचा तानपुरा लावून हा नी धरून बघा, अर्ध्या मिनिटात ओठ सा कडे झुकतात. मग अॅपमधली पहिल्या मापाची कॉर्ड लावून तोच नी धरा. मेजर सेव्हन कॉर्डमध्ये नी हा घरातलाच स्वर आहे, तो तिथेच स्वस्थ बसतो. बॅलडचा रंग या स्वस्थपणात आहे. रागसंगीत ऐकून वाढलेल्या कानाला ही एक गोष्ट पटली की पुढचं पुष्कळ सोपं होतं.

बँडच्या फुंकीची सवय इथे मोडावी लागते. वरातीत आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायचा असतो, म्हणून जीभ ‘तू’ म्हणत स्वर तोडते. बॅलडला ‘दू’ हवा: जीभ रीडला जेमतेम टेकते, हवा तुटत नाही. आवाजाचं माप सोपं आहे. वाजवताना बेस ऐकू आला पाहिजे. तो बुडाला तर स्पीकर वाढवू नका, फुंक कमी करा.

यासाठी स्पीकर मात्र बरा लागतो. डबल बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि फोनच्या स्पीकरला तिथपर्यंत उतरता येत नाही. उरतो तो वरवरचा टकटकाट, त्यावर लय धरता येत नाही. बँडच्या गाडीवरचे भोंगेही यासाठी निरुपयोगी, ते मधला आवाज लांब फेकायला बनवलेले असतात. घरात टीव्हीला जोडलेला वूफरवाला संच असेल तर तोच वायरनं जोडा. ब्लूटूथचा आवाज थोडा उशिरा येतो म्हणून काही जण तो टाळतात, पण खोलीत नुसतं ऐकत वाजवायचं असेल तर त्या उशिरानं काही बिघडत नाही, तुम्ही ऐकू येणाऱ्या आवाजाबरोबरच वाजवता. बिघडतं ते त्याच फोनवर ट्रॅकवर आपलं वादन रेकॉर्ड करून जोडताना. तेव्हा वादन मागे पडलेलं ऐकू येतं आणि दोष उगाच स्वतःच्या लयीला दिला जातो. रेकॉर्डिंग दुसऱ्या फोनवर, खोलीतला आवाज टिपून करा.

खोलीचाही फरक पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, तिथे लांब स्वर उगाच भरदार वाटतात आणि स्वर कुठे सोडला ते कळत नाही. धाब्याच्या घरात मातीचं छप्पर घुमारा गिळून टाकतं. तिथे वाजवणं कोरडं वाटतं, पण प्रत्येक स्वराचा शेवट स्पष्ट ऐकू येतो. बॅलडसाठी धाब्याची खोली उत्तम.

आता एबरसोल्ड. पहिला खंड १९६७ चा, पुढे मालिका १३३ खंडांपर्यंत गेली. ३२ वा खंड खास बॅलडचा आहे. साथ खऱ्या वादकांची आहे आणि फरक पहिल्या मापातच जाणवतो: बेसवाला स्वर जिवंत धरून ठेवतो, पियानोवाला श्वास घेतो. सोबतच्या पुस्तकात सी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट वाद्यांसाठी वेगवेगळी पानं असतात, धूनही छापलेली असते. सगळ्यात हुशार गोष्ट रेकॉर्डिंगच्या मांडणीत आहे. बेस डावीकडे, पियानो उजवीकडे, ड्रम दोन्हीकडे. वायरचे इयरफोन लावा आणि उजवा काढून ठेवा: डाव्या कानात बेस आणि ब्रश, उजवा कान आपल्या वाद्यासाठी मोकळा. मिक्सरशिवाय पियानो गेला. मात्र फोनमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तर दोन्ही बाजू एक होतात, तो बंद करा. एकाच स्पीकरच्या ब्लूटूथ डब्यावरही ही सोय मिळत नाही.

उणीव अशी की लय, पट्टी आणि आवर्तनं ठरलेली आहेत. महिनाभर एकच ट्रॅक वाजवला की पियानोवाला कुठे काय भरणार ते पाठ होतं आणि आपण त्याच्या जागा सोडून वाजवू लागतो. म्हणून रोजचा रियाज अॅपवर करा, आठवड्यातून दोनदा एबरसोल्ड लावा. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर अॅप घ्या. यूट्यूबवरच्या फुकट ट्रॅकवर वेळ घालवू नका: मध्येच जाहिरात येते, वाद्यं वेगळी करता येत नाहीत आणि काही ट्रॅक ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरात नसतात.

सुराचा प्रश्न खान्देशात वेगळाच आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो. नुसत्या हवेचा हिशेब केला तर २० अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास पाव स्वराहून थोडा जास्त. वाद्यातली हवा श्वासानं आधीच कोमट असते म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, तरी कानाला खुपण्याइतका असतो. बँडमध्ये सगळेच एकत्र चढतात, त्यामुळे तो कळत नाही. रेकॉर्डिंग मात्र ४४० वरून हलत नाही. दहा मिनिटं वाद्य फुंकून गरम करा, काळी दोनचा तानपुरा लावून आल्टोचा मधला सी मिळवा आणि माउथपीस बुचावर एक-दोन मिलिमीटर बाहेर घ्या. एकदम जास्त ओढू नका: आखूड नळीचे स्वर, विशेषतः मधला सी शार्प, इतरांपेक्षा जास्त उतरतात आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. पौषातल्या गारठ्याच्या पहाटे याच्या उलट, माउथपीस आत.

दोन आठवड्यांनी अॅपमधला ड्रमही बंद करा, बेस तेवढा ठेवा. त्यानंतर बेसही काढा आणि मेट्रोनोम ३० वर लावून त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. धून आता मागे-पुढे खेचायला हरकत नाही: स्वर अर्धी मात्रा उशिरा घ्या, पण कॉर्ड बदलते त्या मापाच्या सुरुवातीला स्वतः कुठे आहात ते माहीत हवं. ३२ मापं संपून सम हातात आली तर रचना बसली.

शेवट मात्र दोन्ही पर्यायांत शिकता येत नाही. बॅलडचा शेवट संथ होत होत थांबतो, शेवटच्या कॉर्डआधी वाजवणारा एकटाच काही स्वर घेतो आणि साथ त्याच्याकडे बघत थांबते. रेकॉर्डिंग कोणाकडे बघत नाही. त्यासाठी ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला एका संध्याकाळी बोलवा, ई फ्लॅटमधले शेवटच्या चार मापांचे कॉर्ड त्याला आधी लिहून द्या आणि तेवढीच चार मापं वीस वेळा वाजवा.