१९३६ च्या ऑलिंपिकवाला 'लायका' कुणी दाखवला तर आधी लेन्स काढायला सांगा

बजेट होतं ३५ हजार आणि हवा होता लेन्स बदलता येणारा फिल्म रेंजफाइंडर (म्हणजे खिडकीतल्या दोन इमेज जुळवून फोकस करायचा कॅमेरा). याशिका इलेक्ट्रो ३५ मित्राकडे होता, मस्त कॅमेरा आहे, पण त्याची लेन्स फिक्स, आणि मला पुढेमागे ३५ एमएम लावायची होती. लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या एम सिरीजचं नावच काढायला नको, १९५४ ला आलेला एम३ घ्यायचा तरी नुसत्या बॉडीचे लाखाच्या पुढे सांगतात. मग राहिले लेन्स ३९ एमएमच्या आट्यांवर फिरवून बसवायचे जुने कॅमेरे, म्हणजे एमच्या आधीचे लायका, कॅनन पी, कॅनन ७, आणि रशियन फेड, झोर्की. आटे सगळ्यांचे सारखे, त्यामुळे आज घेतलेली लेन्स उद्या बॉडी बदलली तरी चालते (बहुतेक वेळा, त्याबद्दल खाली सांगतो).

अशात एक जाहिरात दिसली. लायका II, १९३६ बर्लिन ऑलिंपिक स्पेशल, एल्मार ५० एमएम एफ/३.५ लेन्स, लेदर केस, नुकतीच सर्व्हिस केलेली, १ सेकंद ते १/१००० सगळे स्पीड ओके. वरच्या प्लेटवर पाच रिंगा कोरलेल्या, खाली क्रोशाचा हिरवा टेबलक्लॉथ, एकदम कुणाच्यातरी दिवाणखान्यात काढलेले फोटो. किंमत ४८ हजार.

फोन केला तर साठीच्या आसपासचे एक काका, बोलायला इतके गोड की बास. गोष्ट अशी सांगितली की आजोबा रेल्वेत होते, त्यांच्या वर एक जर्मन इंजिनिअर साहेब होता, १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला इंग्रजांनी पकडून नगरच्या कॅम्पात टाकलं आणि जाताना त्यानं कॅमेरा आजोबांच्या हातात दिला. आता यातली मेख बघा, भारतातल्या जर्मन लोकांना तेव्हा खरंच नगरला ठेवलं होतं, नंतर देवळाली, मग देहराडून. म्हणजे तुम्ही गोष्ट चेक करायला गेलात तर गोष्ट खरी निघते! फक्त तिचा त्या कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. मला तर वाटतं या माणसानं कॅमेऱ्यापेक्षा गोष्टीवर जास्त मेहनत घेतली होती.

बेंगळुरूची पार्टी मागे लागलीये म्हणून ५ हजार टोकन यूपीआयनं मागितलं, ते पाठवलं, आणि दादरला एका हॉटेलात भेटलो. मी बऱ्यापैकी वाचून गेलो होतो. खटक्याचा आवाज ऐकला, रेंजफाइंडरमधून समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीवर दोन इमेज जुळतायत का बघितलं, सिरीयल नंबर मोबाईलवरच्या यादीशी ताडून बघितला, तोही बरोबर त्याच काळातला निघाला. लेन्स काढून आत बघायचं म्हटलं तर काका म्हणाले, "नको रे बाळा, ऐंशी वर्षांचे आटे आहेत, घट्ट बसलेत, उगाच तुझ्याच हातून चिरतील." रोल भरून दाखवा म्हटलं तर "ते लॅबवालाच भरून देतो मला". सँपल म्हणून एक निगेटिव्हची पट्टी दाखवली, फोटो छान होते, आता ते कुठल्या कॅमेऱ्यानं काढले होते ते देवालाच माहीत. घासाघीस करून ३४ हजारावर आणलं आणि वर चहाचे पैसे पण काकाच देऊन गेले.

पहिला रोल धुऊन आला तेव्हा कळलं. १/५०० वर काढलेल्या प्रत्येक फ्रेमचा एका बाजूचा जवळपास तिसरा हिस्सा काळा, म्हणजे शटरचे, फिल्मसमोरून धावणारे दोन्ही पडदे एका वेगानं पळतच नव्हते. प्रत्येक फोटोत पांढरे ठिपके, म्हणजे पडद्याच्या कापडाला बारीक भोकं. आणि लांबचं सगळं, सिंहगडचा टॉवर वगैरे, किंचित हललेलं दिसतं तसं धूसर.

मुंबईत फोर्टला एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. चाचांनी लेन्स दोन बोटांनी फिरवली आणि काढली, घट्टबिट्ट काही नव्हती, आत बघितलं आणि म्हणाले, "बेटा, हा तर रशियन आहे, लायका कोण म्हणाला तुला?"

त्यांनी जे दाखवलं ते नीट वाचा, कारण हे फोटोत कुणी दाखवत नाही. लेन्स काढली की बॉडीच्या आत वरच्या बाजूला एक छोटा दांडा दिसतो, तो लेन्सच्या मागच्या कडेवर टेकतो आणि रेंजफाइंडर हलवतो. खऱ्या लायकात त्या दांड्याच्या टोकाला बारीकशी गोल चकती असते, फिरणारी. फेड आणि झोर्कीत तिथे चकती नसते, धातूचा एक तिकोनी तुकडा असतो. वरचं सगळं बदलता येतं, नाव, नंबर, रंग, चामडं, पण हा तुकडा बदलायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. म्हणूनच काकांना लेन्स काढू द्यायची नव्हती. मग चाचांनी प्लेट तिरपी धरून लाइटखाली दाखवली, घासलेल्या जागेत जुनी रशियन अक्षरं पुसट दिसत होती, झोर्की. आणि 'एल्मार' म्हणजे रशियन इंडस्टार-२२ लेन्स, पुढची नावाची रिंग नवीन कोरलेली.

हे इतकं सोपं का जमतं तर मूळ कॅमेराच कॉपी आहे. लायका II आला १९३२ ला, आणि १९३४ पासून खारकीवला त्याची नक्कल बनायला लागली, फेड नावानं. फेड म्हणजे फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख, त्याच्या नावानं अनाथ पोरांची एक वसाहत होती, तिथल्या कारखान्यात हे कॅमेरे बनायचे. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला त्याचाच भाऊ झोर्की सुरू झाला. दोन्ही ढिगानं बनले, त्यामुळे स्वस्त, आणि आकार हुबेहूब लायकाचा, मग नाव घासायचं, 'अर्न्स्ट लाइट्झ वेट्झलार' (लायका बनवणारी कंपनी आणि तिचं गाव) कोरायचं, झालं काम. ऑलिंपिकच्या रिंगा, गरुड, सोनेरी मुलामा, बाजूला चामड्याऐवजी सापाची कातडी किंवा लाकूड, हे सगळं त्याच दुकानातलं. सिरीयल नंबर यादीत सापडला याला काडीची किंमत नाही, कोरणाऱ्याकडे पण तीच यादी असते.

अजून एक गोष्ट जाहिरातीतच होती आणि आता वाचताना हसू येतं. लायका II ला स्लो स्पीड नाहीतच, तो १/२० ते १/५०० एवढाच चालतो, १/१००० पुढच्या मॉडेलात आलं. म्हणजे काकांनी मजकूर पण दुसऱ्याच कुठल्यातरी कॅमेऱ्याचा उचललेला.

नंतर काकांनी ब्लॉक केलं. चौकीवर गेलो तर "कॅमेरा मिळाला ना तुम्हाला?" इतकंच विचारलं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइन नंबरवर लगेच फोन करा आणि चॅट, जाहिरात, पेमेंट सगळ्याचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण जाहिरात त्याच रात्री गायब होते. माझी झाली होती.

माझा राग खरं तर रशियन कॅमेऱ्यावर नाही. तोच झोर्की झोर्की म्हणून, धड पडद्याचा, मला आठ-दहा हजारात दिला असता तर मी खुशीत घेतला असता. आता माझ्याकडे झोर्की-४ आहे, ज्युपिटर-८ लेन्सचा, चाचांकडूनच, आणि जाम आवडतो. १९५६ ते १९७३ बनत होता, त्यामुळे माल भरपूर आहे. मागचं झाकण पूर्ण निघतं म्हणून रोल भरणं सोपं, जुन्या लायकात आणि पहिल्या झोर्कीत खालून भरावा लागतो आणि रोलचं पुढचं टोक दहा सेंटिमीटर कापून घ्यावं लागतं (हे काकांना माहीतच नसावं, म्हणून तो लॅबवाला). झोर्कीचं एक कायम लक्षात ठेवा, आधी रोल पुढे घ्यायचा मगच स्पीड बदलायचा, उलटं केलं तर आतलं मेकॅनिझम बिघडतं. विकणारा तुमच्यासमोर उलटं करत असेल तर तो कॅमेरा त्यानं वापरलेला नाही. आणि कापडी पडद्याचा कुठलाही रेंजफाइंडर उन्हात लेन्स सूर्याकडे करून, कॅप न लावता ठेवायचा नाही, पडद्याला भोक पडतं, लायका असो नाहीतर झोर्की.

पडदा चेक करायला लेन्स काढा, मागचं झाकण निघत असेल तर काढा, अंधाऱ्या खोलीत एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसरीकडून बघा, रोल पुढे घेऊन आणि न घेता दोन्ही वेळा. चांदण्या दिसल्या की उठायचं. कॅनन पीचे पडदे धातूचे असतात, त्यावर सुरकुत्या असतातच, त्याला घाबरू नका. बजेट ताणता येत असेल तर १९५९ चा कॅनन पी सगळ्यात शहाणपणाचा, त्यात ३५, ५० आणि १०० एमएमच्या लेन्समध्ये किती भाग येईल त्या फ्रेमच्या रेषा आतच दिसतात, झोर्कीला ३५ लावली की वरून वेगळा व्ह्यूफाइंडर घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे कुणी आधी धरत नाही. आटे सारखे म्हणजे सगळं चालतं असंही नाही, युद्धाआधीच्या फेडमध्ये लेन्स त्या त्या बॉडीला हातानं जुळवलेली असायची, त्यावर दुसरी लेन्स लावली की फोकस चुकतो, आणि ज्युपिटर-१२ या रशियन ३५ एमएम लेन्सचं मागचं भिंग इतकं आत जातं की काही बॉडींत अडकतं. लेन्स तुमच्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि हो, गेल्या आठवड्यात तोच हिरवा क्रोशाचा टेबलक्लॉथ परत दिसलाय, नाव वेगळं, नंबर वेगळा, आजोबा आता रेल्वेतून मिलिटरीत गेलेत, आणि कॅमेरा सोनेरी 'लुफ्तवाफे' (नाझी जर्मनीचं हवाई दल) लायका, ४५ हजार. पुण्या-मुंबईत कुणाला टोकन मागत असेल तर हे त्याला पाठवा.