सोयाबीनचं शेत आणि उपग्रहाचा नकाशा

इंदूरच्या छावणीत आमचं सोयापेंडीचं छोटं ऑफिस. युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमामुळे तिकडचं गिऱ्हाईक विचारतं, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तर पेरलं नाही ना? म्हणून ग्लोबल फॉरेस्ट वॉच हे उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल दाखवणारं संकेतस्थळ उघडलं. फुकट आहे, २००१पासून झाडोरा कुठे गेला, ते गुलाबी ठिपक्यांत दिसतं. पण ठिपका ३० मीटरचा, आपलं बिघाभर शेत दोन-तीन ठिपक्यांत संपतं! शिवाय कापलेली निलगिरीची लागवडही गुलाबीच, म्हणजे डोळे झाकून विश्वास नको. गिऱ्हाइकाला शेताची जागाही कळवायची असते; त्या नियमात चार हेक्टरच्या आतल्या शेताला हद्दीऐवजी अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू पुरतो, तेवढी सोय. पहिल्याच दिवशी मी अक्षांश-रेखांश उलटे टाकले, तर देवासचं शेत थेट आर्क्टिक समुद्रात! काका अजून विचारतात, ‘तिकडे पेरणी झाली का रे?’