फिरते तारांगण : खेळ उत्तम, पण मुलीच्या प्रश्नाला उत्तर नाही

नोव्हेंबरच्या मध्यात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेत एक फिरते तारांगण बोलावले होते. सूर्यमालेबाहेरील ग्रह शोधणाऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीवरील 40 मिनिटांच्या खेळाचे प्रत्येक मुलामागे 50 रुपये पडले, आणि कापूस वेचणीचे दिवस असूनही पटावरची बहुतेक मुले हजर राहिली.

हवा भरून फुगवलेल्या घुमटात काळ्या कापडाच्या बोळीतून रांगत शिरायचे, चपला बाहेर काढायच्या आणि सतरंजीवर उताणे पडायचे, अशी व्यवस्था होती. पहिल्याच खेळात लाइट गेली, पंखा थांबला आणि घुमट हळूहळू मुलांच्या अंगावर बसू लागला. कोणाला इजा झाली नाही, पण आमच्याकडचे भारनियमन ठाऊक असताना जनरेटर न आणणे हा निव्वळ निष्काळजीपणा होता.

खेळाचा गाभा मात्र उत्तम आहे. दिदिए क्वेलोझ जिनिव्हा विद्यापीठात मिशेल मायोर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत असताना, फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या 1.93 मीटरच्या दुर्बिणीवर बसवलेल्या ‘एलोडी’ या वर्णपटमापकातून (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणाऱ्या उपकरणातून) 51 पेगासी या ताऱ्याचा वेग कमीजास्त होताना त्याला दिसला. मार्गदर्शक तेव्हा हवाईला होते, त्यामुळे चूक आपल्याच संगणक-प्रणालीत असणार या धास्तीने त्या विद्यार्थ्याने काढलेले दिवस खेळात घाई न करता दाखवले आहेत. ग्रहाच्या ओढीने तारा सेकंदाला 50-60 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने मागेपुढे होतो आणि त्याचा प्रकाश आलटून पालटून किंचित निळसर व तांबूस बाजूला सरकतो, हे आठवीच्या मुलांनाही कळले. गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ 12 वर्षे लागतात आणि हा निदान अर्ध्या गुरूएवढ्या वस्तुमानाचा ग्रह 4.2 दिवसांत फेरी मारतो, हे ऐकून मात्र मुले हसली. ऑक्टोबर 1995 मधील घोषणेनंतर अनेक शास्त्रज्ञांचाही त्यावर विश्वास बसत नव्हता. 2019 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला, तिथे खेळ संपतो.

माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते. नववीतील एका मुलीने विचारले, ‘सर, याच्यासाठी काय शिका लागते?’ त्यावर संचालकांचे उत्तर होते, ‘खूप अभ्यास करावा लागतो.’ कारकिर्दीवरच्या खेळात कारकीर्द कशी घडते हेच नसावे? बारावीला गणित, मग भौतिकशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी., नेट, जेस्ट किंवा गेटसारखी पात्रता परीक्षा, त्यानंतर साधारण पाच वर्षांची पीएच.डी. आणि पुढे काही वर्षे मुदतीच्या नेमणुका, एवढे तरी सांगायला हवे होते. पुण्याचे आयुका हे खगोलशास्त्राचे संशोधन केंद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे; अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने तर माउंट अबूच्या 1.2 मीटर दुर्बिणीवरील ‘पारस’ या वर्णपटमापकाच्या साह्याने सूर्यमालेबाहेरील एक ग्रह शोधल्याचे 2018 मध्ये जाहीर केले. यांचा उल्लेखही नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याला मुलीच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना 2023 पासून जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या नव्या संशोधकांना मिळणारी, छात्रवृत्ती महिना 37,000 रुपये आहे, हे वाक्य नोबेलपेक्षा जास्त उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक उणीव. खेळ दिवसा होऊन गाडी निघून गेली. 51 पेगासी आपल्या अक्षांशावरून जवळजवळ डोक्यावरून जातो. त्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तो माथ्यावर होता, आणि पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध, किंचित पश्चिमेला, गावाच्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांनी अंधूक दिसतो. आम्ही मुलांना पुन्हा मैदानावर बोलावून तो दाखवला. त्या मुलीला तो सर्वांत आधी सापडला.

पाच पैकी साडेतीन गुण. बोलावणार असाल तर जनरेटरची अट लेखी घाला, आणि शेवटचा खेळ अंधार पडल्यावर ठेवायला सांगा.