फुलांची चटई हवी: वेडेलिया, जलपिंपळी की पिंटो भुईमूग?

हिरवळ कापत बसायला वेळ नाही आणि उघडी ठेवली तर माती पावसात वाहून जाते. अशा वेळी लोक नर्सरीत जातात आणि बहुतेकदा वेडेलिया घेऊन येतात. मीही आणली होती. घरामागच्या जांभ्याच्या उतारावर जूनमध्ये काड्या खोचल्या, दिवाळीपर्यंत माती दिसेनाशी झाली आणि वर पिवळीधमक फुलं. दुसऱ्या पावसाळ्यात ती गडग्याखालून पऱ्याकडे उतरली आणि काठावरचा तेरडा तिच्याखाली गुदमरला. उपटायला बसलो तेव्हा कळलं, जमिनीला टेकलेल्या पेरापेराला तिला मुळं फुटतात. बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा रुजतो. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वेल आययूसीएन या निसर्ग संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जगातल्या सर्वांत घातक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. चहूबाजूंनी सिमेंट असलेला वाफा सोडला तर ती लावूच नका. जवळ ओढा किंवा रान असेल तर कुंडीतही नको.

खरी निवड उरते ती दोघांत.

जलपिंपळी आपल्याकडचीच, तळ्याकाठी आणि ओलसर बांधांवर आपोआप वाढणारी. पान चमच्यासारखं, फक्त टोकाला दाते. फूल काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं. वाकून बघितलं की मधे जांभळट बोंड आणि भोवती पांढऱ्या-गुलाबी फुलांचं कडं दिसतं. तिला भरपूर ऊन हवं, आणि अधूनमधून पाय पडला तरी ती सोसते. एप्रिल-मेमध्ये पाणी तुटलं तर करपल्यासारखी दिसते, पण पावसाला पुन्हा हिरवी होते. फुलांवर मधमाश्या सतत असतात, त्यामुळे लहान मुलं अनवाणी खेळतात तिथे लावताना विचार करा. पसरते तीही, म्हणून वाफ्याला विटांची कड द्या आणि बाहेर आलेले धुमारे छाटत राहा.

पिंटो भुईमूग ब्राझीलचा. 1954 मध्ये जेराल्डो पिंटो यांनी तो बाहिया राज्यात गोळा केला, म्हणून हे नाव. नारळ-सुपारीखालच्या कवडशाच्या उन्हात मला याच्याइतकं दुसरं काही आवडलेलं नाही. एक दांडी उपटून मुळं धुवा, बारीक गाठी दिसतील. नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला की समजा, गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरताहेत. झाडांना त्याचा फायदा होतो. संध्याकाळी पानं मिटतात. दोष एकच: सुरुवातीला फार हळू वाढतो. पहिले तीन-चार महिने हाताने तण काढावं लागतं, आणि तेवढा धीर नसेल तर तणच जिंकतं. दाट सावलीत पानं राहतात, फुलं कमी होतात.

चिनी गुलाबाचा मोह होईल, रंगच तसे आहेत. पण कोकणातल्या पावसात तो कुजतो. त्याला गच्चीवरच्या कुंडीत ठेवा.

जलपिंपळी आणि पिंटो, दोन्ही लावायची वेळ म्हणजे पाऊस नीट लागल्यावर, एकेक वितीच्या अंतराने.

नर्सरीत पिंटोचं नाव न घेता नुसतं ‘पिवळ्या फुलांचं ग्राउंड कव्हर’ मागितलंत तर हातात वेडेलिया येण्याचीच शक्यता जास्त. पान बघून घ्या. पिंटोच्या एका देठावर भुईमुगासारखी चार पानं असतात. वेडेलियाचं पान एकटं, जाडसर आणि बहुधा तीन टोकांचं.